बर्फाची बेगमी

दसरा झाला, की आमच्या रस्त्यावर काठ्या उगवू लागतात. चार-चार फूट उंचीच्या, नारिंगी रंगाच्या, टोकाला चकाकती पट्टी असलेल्या या काठ्या जो तो आपापल्या मोटारीच्या वाटेच्या दोन्ही कडांना ठोकत असतो. पहिल्या वर्षी मला वाटले, इकडचा काही सण असेल. आपल्या गुढ्यांसारखे काही तरी! मी शेजारणीला तसे विचारलेसुद्धा. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "अहो, जानेवारीत तुमची वाट कोणती आणि हिरवळ कोणती, हे तुम्हालाच कळणार नाही. तेव्हा या काठ्या सांगतील. आणि ठोकायच्या त्या आत्ताच. एकदा जमीन गोठली, की काठी काय, पहारसुद्धा आत जायची नाही!"

ही गोष्ट १९९६ सालची. आम्ही राहतो ते गाव अ‍ॅम्हर्स्ट. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराचे हे उपनगर. न्यूयॉर्क म्हटले, की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आभाळाला टेकलेल्या इमारती उभ्या राहतात. पण ते न्यूयॉर्क शहर इथून मोटारीने सहा-सात तासांवर. आमचे गाव म्हणजे एकमजली-दुमजली घरे, पुढे हिरवळ, मागे परसू आणि घरटी एकदोन मेपलची झाडे. नायगाऱ्याचा धबधबा अर्ध्या तासावर. त्यामुळे पाहुण्यांना तोटा नाही. पण ते सारे उन्हाळ्यातले पाहुणे! डिसेंबर ते मार्च आमच्याकडे एकच पाहुणा येतो, तो न बोलावता येतो आणि मुक्काम ठोकून राहतो. तो म्हणजे बर्फ.

सरोवराची करामत

बफेलोला वर्षाकाठी सरासरीने नव्वदाहून अधिक इंच बर्फ पडतो. म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून जाईल इतका. याचे कारण शहराला लागूनच असलेले इरी सरोवर. सरोवर कसले, समुद्रच तो! लांबी सुमारे २४० मैल, नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेले, आणि त्याच्या नेमक्या पूर्वेच्या टोकावर आमचे शहर वसलेले.

नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचे पाणी उन्हाळ्याची ऊब धरून असते. वरून वाहणारा वारा मात्र बोचरा थंड. हा वारा सरोवराच्या लांबीने धावत येताना पाण्याची वाफ पोटभर पितो आणि जमीन लागताच ती बर्फ करून आमच्या डोक्यावर ओततो. गंमत अशी, की हा वर्षाव सगळीकडे सारखा होत नाही. त्याचा एक अरुंद पट्टा असतो. पट्टा ज्या गावावरून जाईल ते गाडले जाते आणि चार-सहा मैलांवरच्या गावात ऊन पडलेले असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत कित्येक ठिकाणी पाच फुटांहून जास्त बर्फ पडला. लोकांची दारे मिटली, घरांची छपरे कोसळली. आणि त्याच वेळी आम्ही उत्तरेकडचे लोक जेमतेम काही इंचांत उभे राहून दक्षिणेची ती काळी-पांढरी भिंत पाहत होतो.

इरी हे पंच महासरोवरांत सर्वांत उथळ. कडाक्याच्या हिवाळ्यात ते गोठून जाते आणि मग वाफेचा हा कारखाना बंद पडतो. पण म्हणून निर्धास्त राहावे म्हणता? छे! २८ जानेवारी १९७७ ला जे वादळ झाले, ते सरोवर गोठल्यानंतरचे. गोठलेल्या सरोवरावर आठवडेच्या आठवडे साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला आणि शहरावर आणून टाकला. त्या वादळात २९ माणसे गेली. इथले म्हातारे लोक आपल्याकडच्या पानशेतच्या पुरासारखी त्या वादळाची आठवण काढतात. "तेव्हा तू केवढा होतास?" असा त्यावरून वयाचा हिशेब होतो.

आजीची आगोट

माझे आजोळ राजापूरकडचे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो. मृग जवळ आला, की आजीची एकच घाई उडे. "आगोट भरायची आहे, आगोट!" पावसाळा सुरू झाला, की चार महिने नदी-नाले भरलेले, वाटा बंद, म्हणून आधीच घर भरून ठेवायचे. कौले परतून घ्यायची, पडवीला झडीच्या बाजूने झापे बांधायचे, लाकडे नि गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या, मीठ, डाळी, कुळीथ, सोले, आंबोशी, फणसपोळी सगळे जागच्या जागी. आणि मग पाऊस लागला, की सकाळी आजी पडवीत उभी राहून समोरच्या वाडीकडे पाही. घराघराच्या कौलांतून चुलीचा धूर निघत असे. एखाद्या घरावर धूर दिसला नाही, तर आजी लगेच गड्याला हाक मारी, "अरे, तिकडे आज चूल पेटलेली दिसत नाही. जाऊन बघून ये हो!"

आजीचा हा शेवटचा भाग मी विसरून गेले होते. आगोट तेवढी ध्यानात राहिली होती. तो भाग मला कसा पुन्हा आठवला, तेच आज सांगायचे आहे. पण आधी घराची तयारी सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलेबाळे आता अशा बर्फाच्या मुलखात राहतात. त्यांनाही ती उपयोगी पडेल.

पहिले काम बागेच्या नळाचे. घराबाहेरच्या नळाला उन्हाळ्यात रबरी नळी लावलेली असते. ती काढायची, तळघरात त्या नळाची आतली चावी असते ती बंद करायची आणि बाहेरचा नळ उघडून त्यातले पाणी गळू द्यायचे. आमच्या स्वतःच्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही नळी तशीच ठेवली. पाणी गोठले, की फुगते. त्याने भिंतीतला पाइप फोडला. पण नुसता फोडून ठेवला. फुटल्याचे कळले ते मार्चमध्ये, बर्फ वितळल्यावर! ह्यांनी मोठ्या हौसेने बागेला पाणी घालायला नळ सोडला आणि तळघरात माझ्या डाळ-तांदळाच्या डब्यांवर धबधबा सुरू झाला. मी ह्यांना म्हटले, "नायगारा पाहायला आता लांब जायला नको." त्या दिवसापासून कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'नळ' असे तांबड्या शाईने लिहिलेले असते.

दुसरे काम पन्हळींचे. मेपलची पाने गळून पन्हळी भरतात. त्या साफ केल्या नाहीत, तर वितळलेले पाणी जायला वाट राहत नाही. त्यातून घराची ऊब माळ्यावाटे छपराला लागत असेल, तर वरचा बर्फ वितळून खाली ओघळतो आणि वळचणीला थंडीत पुन्हा गोठतो. तिथे बर्फाचा बांधच तयार होतो. मग मागचे पाणी फळ्यांच्या खालून घरात शिरते. म्हणून इकडे माळ्यावर कापसासारख्या अस्तराची जाड गादी घालतात. गंमत पाहा, इथे छपरावरचा बर्फ न वितळणे हे चांगल्या घराचे लक्षण!

तिसरे काम फर्नेसचे, म्हणजे तळघरातल्या गॅसच्या भट्टीचे. तीच सबंध घराला ऊब देते. माणूस बोलावून ती तपासून घ्यायची, तिची जाळी बदलायची. आणि एक गोष्ट विसरायची नाही. नव्या पद्धतीच्या भट्टीचा धूर वरच्या धुराड्यातून जात नाही. घराच्या बाजूच्या भिंतीतून पांढऱ्या प्लॅस्टिकचे दोन पाइप बाहेर काढलेले असतात; एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर येतो. हे पाइप जमिनीपासून हात-दीड हात उंच. वाऱ्याने बर्फाची रास तिथे लागली, की ते बुजतात आणि भट्टी आपोआप विझते. विझते ते बरेच, नाही तर विषारी वायू घरात कोंडेल. त्या वायूला ना रंग, ना वास. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून प्रत्येक मजल्यावर त्याची सूचना देणारे यंत्र हवे आणि त्यातले सेल दर हिवाळ्याला नवे हवेत.

बाकीचे सामान आपल्या बायकांना सांगायला नको. औषधे दोन आठवड्यांची, विजेऱ्या, पांघरुणे, पिण्याचे पाणी. डाळ-तांदूळ, मेतकूट, भाजणी, लोणचे असले, की आठ दिवस काय, पंधरा दिवस घराबाहेर पडायचे कारण नाही. दिवाळीचा चिवडा नि लाडू मी इथे दुप्पट करते आणि निम्मे डबे 'वादळाचे' म्हणून वेगळे काढते. ते वादळापर्यंत टिकतात असे मात्र नाही!

रस्त्याचे नियम

घराइतकीच रस्त्याची तयारी. बर्फ लोटणाऱ्या ट्रकला इकडे 'प्लाऊ' म्हणतात, म्हणजे नांगर. हा नांगर रात्री-अपरात्री येतो. त्याच्या वाटेत गाडी उभी असली, तर सबंध रस्ता अडतो. म्हणून हिवाळ्यात रात्री गाड्या रस्त्यावर ठेवायच्या नाहीत, असा इकडच्या बहुतेक गावांत दंडक असतो. आगीच्या बंबासाठी रस्त्याकडेला जो ठेंगणा नळ असतो, त्याला उंच काठी लावतात आणि त्याच्या भोवतालचा बर्फ काढणे हे शेजारच्या घरांचे काम. आग लागल्यावर बंबवाल्यांनी आधी नळ खणून काढायचा म्हटले, तर घर कुठले शिल्लक राहायला?

आपली वाट साफ करण्यातही एक युक्ती आहे. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, की काढलेला बर्फ आपल्या उजव्या हाताला टाकायचा. नांगर आपल्या बाजूने डावीकडून उजवीकडे जातो. डावीकडे ढीग केला, तर तो सगळा ढीग पुन्हा आपल्याच तोंडाशी आणून ठेवतो. आमच्या ह्यांनी दोन हिवाळे डावीकडे टाकला. दोन्ही वेळा नांगरवाल्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या वर्षी डावीकडच्या घरच्या पोलिश काकांना दया आली आणि त्यांनी हे गुपित सांगितले.

आणखी दोन-तीन गोष्टी याच काकांनी शिकवल्या. फावडे बाहेरच्या खोपटात ठेवायचे नाही, घरात दाराशी ठेवायचे. नाही तर फावडे काढायला फावडे लागते. साधे मीठ फार कडक थंडीत बर्फ वितळवीत नाही. शून्याखाली नऊ-दहा अंशांच्या पुढे ते जवळपास निकामी. तेव्हा कॅल्शियम क्लोराइडचे दाणे वापरायचे, किंवा निदान पाय घसरू नये म्हणून वाळू टाकायची. आणि बर्फ उचलायचा नाही, ढकलायचा. ओला बर्फ फार जड. दर हिवाळ्यात बर्फ उपसताना हृदयविकाराने माणसे जातात. आमच्या ह्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत २०१९ साली नळी बसवली. तेव्हापासून घरातले फावडे माझ्या ताब्यात आहे आणि जड काम बर्फ उडवण्याच्या यंत्राकडे.

अशी आमची चोख तयारी. दरसाल ऑक्टोबर संपता संपता मी घरातून फेरी मारून मनाशी म्हणे, आजीने पाहिले असते, तर पाठ थोपटली असती.

नाताळचे वादळ

२३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. वेधशाळेने दोन-तीन दिवस आधीपासून कानीकपाळी ओरडून सांगितले होते. सकाळी पाऊस होता. बघता बघता पारा धडाधड उतरला, पावसाचा बर्फ झाला आणि वारा सुटला. वाऱ्याचे झोत तासाला ११० किलोमीटरच्या पुढे जात होते. गाड्या बाहेर काढायला बंदी झाली. खिडकीतून पाहिले, तर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही नाही. आमच्या अंगणातला मेपल दिसेना, मग समोरचे घर कुठले दिसणार! सबंध रात्र घर एखाद्या जहाजासारखे करकरत होते.

हे वादळ छत्तीसहून अधिक तास त्याच जोराने चालले. विमानतळावर पाच दिवसांत पन्नास इंचांहून जास्त बर्फ मोजला गेला. पण नुकसान इंचांनी केले नाही, वाऱ्याने केले. रुग्णवाहिका अडकल्या, बंब अडकले, नांगर अडकले, त्यांना सोडवायला गेलेल्या गाड्याही अडकल्या. मदतीसाठी फोन करणाऱ्यांना 'आत्ता कोणी येऊ शकत नाही' असे उत्तर मिळत होते. चाळीसहून अधिक माणसे या वादळात गेली. कोणी रस्त्यात, कोणी गाडीत, कोणी बर्फ उपसताना, आणि कोणी आपल्याच घरात, ऊब विझल्यामुळे.

आमची वीज शाबूत होती. ह्यांनी दर तीन तासांनी तळघरात जाऊन भट्टी पाहायची आणि मी बाजूच्या दारातून लांब दांड्याच्या झाडूने ते दोन पाइप मोकळे करायचे, असा क्रम लावला होता. घरात ऊब होती, कुकरला खिचडी होती. खरे सांगते, मनात थोडा अभिमानही होता.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास वारा जरा ओसरला. प्रथमच समोरची घरे दिसू लागली. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक घराच्या भिंतीतून त्या पाइपाची पांढरी वाफ निघताना दिसते. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होते. पोलिश काकांच्या घराची वाफ दिसत होती. उजवीकडच्या बांगलादेशी कुटुंबाची दिसत होती. समोरच्या आजींच्या घराची दिसेना. तिथे भिंतीला लागून खिडकीच्या वरपर्यंत बर्फाची रास चढली होती.

आणि एकदम आजी आठवली. पडवीत उभी राहून समोरच्या वाडीकडे पाहणारी. "तिकडे आज चूल पेटलेली दिसत नाही."

समोरच्या आजी त्या वेळी ८६ वर्षांच्या. यजमान वारलेले, मुलगी दूर टेक्ससमध्ये. त्यांना फोन करावा म्हणून मी टेलिफोनची वही घेतली. आणि वाचकहो, काय सांगू! त्या वहीत पुण्याच्या किराणावाल्यापासून न्यू जर्सीच्या भटजींपर्यंत सगळ्यांचे नंबर होते. समोरच्या घराचा नंबर नव्हता. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही समोरासमोर राहत होतो. हात हलवून "कशा आहात?" विचारत होतो. नंबर मागावा असे कधी मनात आले नव्हते. पोलिश काकांना विचारले. त्यांच्याकडे जुना नंबर होता, तो बंद झालेला.

हे बूट घालू लागले. मी दाराशी आडवी झाले. "तुम्ही जायचे नाही. तुमच्या नळीला काही झाले, तर इथे कोण येणार आहे?" मग उजवीकडच्या घरच्या तरुणाला फोन केला. ते लोक नवीन. पण ऑक्टोबरात त्याने शिडी मागायला म्हणून नंबर दिला होता. तो म्हणाला, "आंटी, मी जातो." पण त्या आजी त्याला ओळखत नव्हत्या. अशा दिवशी अनोळखी पुरुषाला त्या दार उघडतील का? म्हणून मीही निघाले.

कपडे वाळत घालायला पुण्याहून आणलेली नायलॉनची दोरी तळघरात होती. इथे यंत्रात कपडे वाळतात, मग दोरी कशाला म्हणून ह्यांनी ती आणताना माझी किती थट्टा केली होती! ती आम्ही दोघांच्या कमरेला बांधली. तिचे दुसरे टोक धरून हे दारात विजेरी लावून उभे राहिले. रस्ता म्हणजे एरवी चाळीस पावले. त्या चाळीस पावलांना आम्हाला पाव तास लागला. कुठे गुडघाभर, कुठे कमरेच्या वर. मधेच वाऱ्याचा झोत आला, की तो मुलगा माझ्यापासून चार हातांवर असून मला दिसत नव्हता. फक्त दोरी ताणलेली कळायची.

पुढचे दार बर्फाने दडपले होते. आम्ही मागच्या दाराशी गेलो. मी काचेवर थापा मारून माझे नाव ओरडत होते. किती तरी वेळाने दार उघडले. आजी अंगात लांब कोट, डोक्याला स्कार्फ, हातांत मोजे अशा उभ्या. भट्टी आदल्या रात्रीच विझली होती. आणि स्वयंपाकघरात गॅसची भट्टीची शेगडी, जिच्यात केक भाजतात ती, दार उघडे टाकून पेटवून ठेवलेली! तिच्यासमोर खुर्ची. त्यांचे डोके दुखत होते, चक्कर येत होती. विषारी वायूचे यंत्र कुठे आहे, विचारले. महिन्यापूर्वी सेल संपून टिकटिक करू लागले, म्हणून त्यांनी ते काढून खणात ठेवले होते.

मी आधी ती शेगडी बंद केली, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या आणि आजींना मागच्या दारात, मोकळ्या हवेत, पांघरुणात गुंडाळून बसवले. त्या मुलाने फावड्याने आणि शेवटी नुसत्या हातांनी उकरून ते पांढरे पाइप शोधून काढले. अर्ध्या तासाने भट्टी धडधडली. त्या आवाजाइतके गोड संगीत मी ऐकलेले नाही. डोकेदुखी थांबली, हातापायांत ऊब आली, तेव्हा आजी मला म्हणाल्या, "मला तुमची वाफ दिसत होती. वाटले, तुम्हाला बोलवावे. पण मग म्हटले, नाताळच्या आदल्या दिवशी लोकांना कशाला त्रास द्या?"

यावर मी काय बोलणार? त्यांना बोलवायचे होते आणि मला विचारायचे होते. मधे चाळीस पावले होती आणि एक न विचारलेला नंबर.

वादळात रस्ता ओलांडण्याचे हे धाडस कोणी करावे, असे मी म्हणणार नाही. आमचे नशीब, वारा तेवढा वेळ थांबला. त्या दोन दिवसांत असे पावला-दोन पावलांवर वाट चुकलेले लोक परत आले नाहीत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला वाचवल्याच्या कथाही पुष्कळ घडल्या. आमच्या जवळच्याच विल्यम्सव्हिलमध्ये नायगारा पाहायला निघालेले दक्षिण कोरियाचे प्रवासी गाडी रुतल्यामुळे एका घरी फावडे मागायला गेले आणि त्या अनोळखी जोडप्याने सगळ्यांना वादळ सरेपर्यंत ठेवून घेतले. पण अशा कथा घडाव्या लागू नयेत, हीच खरी तयारी. दोरीचे काम टेलिफोनने आधीच व्हायला हवे होते.

आता आमची आगोट

२०२३ च्या दिवाळीपासून आमच्या रस्त्यावर एक नवा रिवाज पडला आहे. फराळाला मी आजूबाजूच्या अकरा घरांना बोलावते. चकली, चिवडा, शंकरपाळे टेबलावर मांडलेले आणि मधोमध एक कागद. त्यावर प्रत्येक घराचा नंबर, घरात माणसे किती, एकटे कोण, कोणाला कोणते औषध लागते, दूरच्या कोणत्या नातेवाइकाला कळवायचे, हे लिहायचे. एक किल्ली शेजारच्या घरी. आगीच्या नळाभोवतालचा बर्फ त्या तरुणाकडे. पोलिश काकांकडे जनित्र आहे. ते गॅरेजात नव्हे, घरापासून निदान वीस फुटांवर लावायचे, एवढे त्यांनी स्वतःच सगळ्यांना बजावून सांगितले. ज्यांच्या घरात सूचना देणाऱ्या यंत्राचे सेल जुने, त्यांना आमचे हे जागच्या जागी नवे सेल देतात. एकट्या माणसाच्या घरचे पांढरे पाइप कोणी मोकळे करायचे, हेही वादळाआधीच ठरलेले असते.

समोरच्या आजी पहिल्या वर्षी सफरचंदाचा पाय घेऊन आल्या. चकली त्यांना भारी आवडली. पण तिखट लागली म्हणून तीन ग्लास पाणी प्यायल्या. कागदावर आपला नंबर त्यांनी सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिला.

तेव्हापासून बर्फाच्या दिवसांत सकाळी सातला आमचा फोन वाजतो. मी उचलते. पलीकडून आजी म्हणतात, "तुमची वाफ दिसते आहे." मी खिडकीचा पडदा सारून समोर पाहते आणि म्हणते, "तुमचीही." एवढेच बोलणे. मग दोघी आपापल्या कामाला लागतो.

तुमचा मुलगा किंवा मुलगी अशा मुलखात असेल, तर हिवाळ्यात फोनवर तुम्ही नक्की विचारीत असाल, स्वेटर घालतोस ना, वेळेवर जेवतेस ना? ते विचाराच. पण यंदा आणखी एक विचारा. "समोरच्या घरचा नंबर तुझ्याकडे आहे ना?" नसला, तर त्याच दिवशी लाडवांचा डबा घेऊन रस्ता ओलांडायला सांगा. बर्फ पडायच्या आधी तो रस्ता चाळीसच पावलांचा असतो.